पहिला अनुभव स्वयंसेवेतून : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एका सत्राची कृती

नोकरीच्या अर्जात ‘पूर्वानुभव’ नावाचा एक रकाना असतो. वर्गातल्या बहुतेक मुलांकडे तिथे लिहायला काही ना काही असतं. कुणी सुट्टीत मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेलं असतं, कुणी शिकवण्या घेतलेल्या असतात, कुणी दिवाळीत आकाशकंदिलांचा स्टॉल लावलेला असतो. दिव्यांग मुलाला किंवा मुलीला मात्र घरच्यांनी मायेपोटी ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणत वाढवलेलं असतं. त्यामुळे विसाव्या-बाविसाव्या वर्षी गुणपत्रिका चांगली असते, पण आपण गेलो नाही म्हणून कुणाचं काम अडलं, असा प्रसंग आयुष्यात एकदाही आलेला नसतो.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात नोकरीतलं प्रमाण ३ टक्के होतं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ मानले होते, ते आता २१ झाले. हा फार मोठा आधार आहे. तरीही नोकरी देणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतोच, ‘हे काम ह्याला जमेल का?’ ह्या प्रश्नाला कायद्याचं कलम दाखवून उत्तर देता येत नाही. घरचा किंवा नात्यातला नसलेल्या कुणीतरी ‘हो, जमतं, मी पाच महिने पाहिलंय’ असं सही करून द्यावं लागतं.

अशी सही स्वयंसेवेतून मिळवता येते. त्यासाठी स्वयंसेवा नोकरीइतक्याच शिस्तीने करावी लागते. रविवारी एक रोप लावून फोटो काढला, तर त्याने समाधान मिळेल, पण अनुभव म्हणून ते कुणी धरणार नाही. ठरलेले वार, ठरलेले तास, नेमून दिलेलं काम, ते तपासणारा माणूस आणि लेखी नोंद एवढं जमवलं की बिनपगारी कामही अनुभव ठरतं.

खालची कृती एका सत्राची आहे. आठवड्यातून दोन दिवस, दर दिवशी तीन तास, असे वीस आठवडे. एकूण १२० तास होतात. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, एका वर्षाला तेवढेच तास अपेक्षित असतात. त्यामुळे जमलं तर एकाच कामातून महाविद्यालयाची नोंदही साधते.

आधी हाताशी काय हवं

एक वही, फोन आणि स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता. तो वडिलांचा किंवा कॅफेवाल्याने उघडून दिलेला नसावा, त्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक असावा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, स्वयंसेवेसाठी लागत नाही आणि ते नाही म्हणून कुणी तुम्हाला थांबवू नये. पण प्रवासाच्या सवलतीसाठी आणि पुढे राखीव जागेच्या अर्जासाठी ते लागेलच. राखीव जागेसाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. कार्ड अजून काढलं नसेल तर अर्ज आजच करून ठेवा, कारण रुग्णालयातल्या तपासणीची तारीख मिळायला वेळ जातो. तोवर बाकीची तयारी चालू राहू द्या.

पायरी १ : स्वतःबद्दल एक पान लिहा

ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

पानावर चार भाग पाडा. पहिल्या भागात मला काय येतं. दुसऱ्यात, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत येतं. तिसऱ्यात, काय अजिबात जमत नाही. चौथ्यात, काय सोय मिळाली तर जमेल.

आजाराचं नाव लिहून थांबू नका. ‘मला सेरेब्रल पाल्सी आहे’ एवढं वाचून ग्रंथपालाला किंवा संस्थेच्या कार्यवाहाला काहीच कळत नाही, आणि जे कळतं ते बहुधा चुकीचं असतं. त्याऐवजी असं लिहा : ‘एका हाताने टाइप करतो. वेग कमी आहे, चुका फार कमी. सलग दीड तास बसू शकतो, मग दहा मिनिटं उठावं लागतं. जिना कठड्याला धरून एक मजला चढतो. माझं बोलणं नव्या माणसाला पहिले दोन दिवस नीट कळत नाही, नंतर कळतं.’ हे वाचल्यावर समोरच्याला लगेच सुचतं की तळमजल्यावरचं टेबल द्यावं आणि पहिल्या दिवशी फोनवर बसवू नये.

अंशतः दृष्टी असेल तर अक्षर किती मोठं हवं, उजेड कुठून हवा, संध्याकाळनंतर दिसणं कमी होतं का, हे लिहा. ऐकू कमी येत असेल तर एका माणसाशी समोरासमोर बोलणं जमतं का आणि सभेत किती कळतं, हे वेगवेगळं नोंदवा. अध्ययन अक्षमता असेल तर वाचण्यापेक्षा ऐकून सूचना लवकर कळतात का, ते सांगा. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर सकाळची सुस्ती किती वाजता उतरते, ते लिहा. औषधांची नावं कुणाला सांगायची गरज नाही.

पान लिहून झालं की ते एका मित्राला आणि एका शिक्षकाला दाखवा. आईवडिलांना शेवटी दाखवा. आईवडील तिसरा भाग वाढवतात आणि पहिला कमी करतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी तुम्हाला पडताना पाहिलेलं असतं.

पायरी २ : पुढे कोणती नोकरी हवी ते ठरवून मागे या

काम आवडीचं असावं हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पुढच्या नोकरीशी जुळणारं असावं. बँकेत किंवा कार्यालयात जायचं असेल तर नोंदी, फायली आणि हिशेबाचं काम शोधा. शिक्षक व्हायचं असेल तर वस्तीतला अभ्यासवर्ग. लेखन-भाषांतराकडे ओढा असेल तर संपादनाचं काम.

माझ्या मते पहिल्या कामासाठी सार्वजनिक ग्रंथालयासारखी जागा नाही. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि तालुक्याच्या गावी, मोठ्या खेड्यातही सापडतात. त्यांच्याकडे माणसं कमी आणि काम भरपूर असतं. जुन्या दाखल नोंदवहीतल्या नोंदी संगणकावर घेणं, पुस्तकांना क्रमांक चिकटवणं, देवघेवीच्या टेबलावर बसणं, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की सभासदांची यादी ठेवणं, ही सगळी खरी कार्यालयीन कामं आहेत. तिथे नोंद चुकली तर पुस्तक सापडत नाही, म्हणजे कामाचा परिणाम लगेच दिसतो. गोंगाट कमी असतो आणि माणसं तीच ती येतात. एक अडचण मात्र नेहमीची आहे, अनेक ग्रंथालयं पहिल्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट नसते. म्हणून जागा आधी पाहून या.

घरातून बाहेर पडणं खरोखर अवघड असेल, तर मराठी विकिस्रोत आणि मराठी विकिपीडिया हे दोन प्रकल्प पाहा. विकिस्रोतावर जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांची पानं टंकित करून तपासली जातात. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. मुद्रितशोधन शिकायला ही उत्तम जागा आहे. शिवाय तुमचं प्रत्येक संपादन तारीख-वेळेसह ‘योगदान’ पानावर कायम राहतं आणि ते कुणालाही उघडून पाहता येतं. कर्णबधिर विद्यार्थ्यांना आणि फार हिंडू-फिरू न शकणाऱ्यांना हे काम चांगलं जमतं. पूर्ण दृष्टिहीन विद्यार्थ्याला छापील पानाच्या चित्राशी मजकूर ताडून पाहता येणार नाही, त्याने विकिपीडियावर लेख लिहिण्याचं काम घ्यावं.

स्क्रीन रीडर सफाईने वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आणखी एक काम आहे, आणि ते डोळसांपेक्षा त्यांनाच चांगलं करता येतं. एखाद्या सामाजिक संस्थेची किंवा आपल्याच महाविद्यालयाची वेबसाइट संगणकावरच्या एनव्हीडीए ह्या स्क्रीन रीडरने आणि फोनवरच्या टॉकबॅकने वापरून पाहायची. कोणत्या बटणाला नाव नाही, कोणत्या फॉर्ममध्ये पुढे जाता येत नाही, कोणती पीडीएफ नुसतं चित्र आहे, ह्याचा अहवाल लिहायचा. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या ह्या कामासाठी पगारी माणसं नेमतात. एनव्हीडीए मोफत आहे आणि मराठी वाचतं, म्हणजे सुरुवातीला खर्चही नाही.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा करायची कामं निवडा. पुस्तकं रंगाच्या पट्टीनुसार लावणं, पाकिटं भरणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं. पहिले दोन आठवडे सोबती शेजारी बसेल, पुढचे दोन आठवडे तो त्याच खोलीत पण लांब असेल, मग फक्त आणायला-सोडायला येईल, असं आधीच ठरवा. सोबती मागे सरकला नाही तर अनुभव सोबत्यालाच मिळतो.

पायरी ३ : दार शोधा

पहिलं दार महाविद्यालयातलंच. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. दिव्यांग विद्यार्थ्याला ‘तू नाव नोंदव, शिबिराला नाही आलास तरी चालेल’ असं प्रेमाने सांगितलं जातं. त्यांना नम्रपणे सांगा की मला तास भरून हवेत, पण काम माझ्या पानाप्रमाणे द्या. शिबिरात खड्डे खणायचे असतील तर गावाच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरणं, ते संगणकावर घेणं, रोजचा अहवाल लिहिणं ही कामं कुणालातरी करायचीच असतात. ती मागून घ्या.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सामाजिक सहभाग, क्षेत्रप्रकल्प आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, ह्यांना श्रेयांक मिळतात. तुमचं काम ह्यांपैकी कशात बसतं, हे विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. सत्र संपल्यावर विचारलं तर बहुधा उपयोग होत नाही.

महाविद्यालयाबाहेर ग्रंथालय, अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिक संघ, पर्यावरणाचं काम करणारी मंडळं, रुग्णालयातला मदतकक्ष. केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवरही संधी लागतात. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांशी ओळख जरूर ठेवा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून आहे, वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी मार्गदर्शन आणि साधनं मिळतात. पण पहिलं काम शक्यतो अपंगत्वाशी संबंध नसलेल्या संस्थेत करा, असं माझं ठाम मत आहे. दिव्यांगांच्या संस्थेने दिलेलं पत्र मालक हळवेपणाने वाचतो, तालुक्याच्या ग्रंथालयाने दिलेलं पत्र तो कामाचं पत्र म्हणून वाचतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक चाकाच्या खुर्चीत राहूनच केंद्र सरकारच्या नोकरीत होत्या आणि त्यांनीच १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन घरच्यांना वाचायला द्या. मदत करणाऱ्यांच्या बाजूला आपली मुलगी उभी राहू शकते, हे चित्र घरात कुणीतरी आधी पाहायला हवं.

पायरी ४ : पत्र आणि पहिली भेट

पत्र लहान ठेवा. परिस्थितीचं वर्णन नको, ‘संधी देऊन उपकृत करावे’ नको. नमुना असा :

‘मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. मला एक्सेल आणि मराठी युनिकोड टंकलेखन येतं. आपल्या ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर घेण्याच्या कामात जुलै ते नोव्हेंबर ह्या काळात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच, विनामोबदला मदत करण्याची माझी इच्छा आहे. मला ऐकू येत नाही. सूचना लिहून किंवा व्हॉट्सॲपवर मिळाल्या तर काम सुरळीत होतं, दुसरी कोणती सोय लागणार नाही. पहिले दोन आठवडे काम पाहून पुढचं आपण ठरवावं. भेटायला कधी येऊ, ते कळवावं.’

‘पहिले दोन आठवडे’ हे वाक्य फार उपयोगी पडतं. समोरच्याची भीती ‘नको म्हणता आलं नाही तर?’ अशी असते. ती ह्या वाक्याने कमी होते.

भेटीला घरचं माणूस आलं तरी त्याने बाहेर थांबावं. आत आलं की सगळे प्रश्न त्यालाच विचारले जातात, ‘ह्याला चहा चालतो का?’ इथपासून. खुणांच्या भाषेचा दुभाषा किंवा आधाराला माणूस लागत असेल तर तो आत असेल, पण उत्तरं तुम्ही द्यायची, हे त्याला आधी सांगून ठेवा. पायरी १ मधलं पान सोबत न्या. सगळं वाचून दाखवू नका, विचारलं तर पुढे करा.

नकार येईल. बहुतेक नकार ‘आमच्याकडे सध्या तसं काम नाही’ ह्या शब्दांत येतात. एकदाच विचारा, ‘तुमचं कोणतं काम खूप दिवस पडून आहे?’ प्रत्येक संस्थेत असं एक काम असतंच. उत्तर आलं तर तुमचं काम सापडलं. नाही आलं तर आभार मानून पुढच्या दारी जा.

पायरी ५ : अटी लिहून घ्या

पानभर पुरे. कोणतं काम, कोणते वार, किती ते किती, कोणत्या तारखेपर्यंत, काम कोण पाहणार, काय सोय मिळणार, प्रवासखर्च मिळणार की नाही आणि शेवटी अनुभवपत्र मिळणार का. दोघांच्या सह्या. लहान संस्थेला हे जरा जड वाटतं. तेव्हा तुम्हीच लिहून न्या आणि म्हणा, ‘महाविद्यालयात द्यायचंय.’ आणि खरोखरच एक प्रत महाविद्यालयात द्या.

काम पाहणारा माणूस एकच असावा आणि त्याचं नाव कागदावर असावं. ‘आम्ही सगळे आहोतच’ असं जिथे म्हणतात, तिथे पाचव्या महिन्यात सही करायला कुणी नसतं.

नफा कमावणाऱ्या दुकानात किंवा कंपनीत पगारी माणसाच्या जागी तुम्हाला फुकट बसवत असतील तर ती स्वयंसेवा नाही. तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून विद्यावेतन मागा. ‘अनुभव देतो’ म्हणून अनामत किंवा फी मागत असतील तर तिथून सरळ निघा.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आधाराच्या नावाखाली नकोसा स्पर्श होत असेल तर तो सहन करण्याचं कारण नाही.

पायरी ६ : सोयी मागा, नेमक्या मागा

‘मला समजून घ्या’ ही मागणी कुणालाच पुरी करता येत नाही. ‘खुर्ची दाराजवळ हवी’ ही पाच मिनिटांत पुरी होते. २०१६ च्या कायद्यात वाजवी सोयींची कल्पना स्पष्ट आहे. माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून आवश्यक तो बदल करायचा, मात्र त्याचा समोरच्यावर अवाजवी भार पडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या लेखनिकाच्या प्रकरणात हेच तत्त्व ठळकपणे मांडलं. छोट्या ग्रंथालयाशी मात्र कलमाच्या भाषेत बोलायला जाऊ नका. तिथल्या बहुतेक सोयींना पैसे लागतच नाहीत : टेबलाची उंची वाढवायला चार विटा, ठळक काळ्या पेनने लिहिलेल्या सूचना, सभेत एका वेळी एकानेच बोलणं, दुपारची औषधाची वेळ. ऐकू येत नसेल तर अँड्रॉइड फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरच्याचं मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. ते तुमचं तुम्ही वापरू शकता.

स्वच्छतागृह पहिल्याच भेटीत पाहून या. अनेक मुली पाणी न पिता दिवस काढतात आणि महिन्याभरात आजारी पडून काम सोडतात. वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह नसेल आणि जवळपास दुसरी सोय होत नसेल, तर ते ठिकाण कितीही चांगलं असलं तरी सोडा.

कोणती सोय उपयोगी पडली आणि कोणती मागितली पण लागली नाही, हे वहीत लिहीत राहा. सत्राच्या शेवटी ही यादी तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट असेल. पगारी नोकरीत पहिल्या आठवड्यात चाचपडत बसायला सवड मिळत नाही, इथे ती मिळते.

पायरी ७ : रस्ता

काम सुरू होण्याआधी त्याच वारी, त्याच वेळी एकदा जाऊन या. दुपारी रिकामी दिसणारी बस पाच वाजता भरलेली असते. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, मुंबईच्या लोकलला राखीव डबा आहे. उशीर झाला तर कुणाला कळवायचं तो नंबर फोनमध्ये आधीच साठवा. पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर कुबड्यांची रबरं बदलून घ्या.

पायरी ८ : कामाचे वीस आठवडे

पहिल्या महिन्यात एकच गोष्ट कमवायची, नियमितपणा. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. तब्येत अचानक बिघडली तर सकाळी कळवा. न कळवता गैरहजर राहू नका.

दुसऱ्या महिन्यापर्यंत एक विचित्र अडचण येते. तुमच्या चुका कुणी दाखवत नाही. ‘छान केलंस’ म्हणतात आणि तुम्ही गेल्यावर दुसरं कुणी ते दुरुस्त करतं. ह्यात दया आहे, आणि ह्या दयेने शिकणं थांबतं. काम पाहणाऱ्याला स्पष्ट विचारा, ‘मागच्या आठवड्यातल्या माझ्या किती नोंदी पुन्हा कराव्या लागल्या?’ उत्तर ऐकून चेहरा पाडू नका, पुढच्या वेळी तेच पुन्हा विचारा. दोन-तीनदा विचारलं की माणसं मोकळेपणाने सांगू लागतात, आणि तिथून पुढे तुम्ही त्यांच्या लेखी कामाचा माणूस होता.

दहाव्या आठवड्याला काम पाहणाऱ्याशी पंधरा मिनिटं बसा. काय चांगलं चाललंय, काय नाही, पुढच्या दहा आठवड्यांत एक पायरी वरचं काम मिळेल का. नोंदी करणाऱ्याने देवघेवीचं टेबल मागावं, टेबलावरच्याने महिन्याचा अहवाल.

नोंदवही रोज लिहा. घरी जाऊन आठवून नको, तिथेच लिहा. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवा. एका दिवसाची नोंद अशी असावी :

‘शुक्रवार. दु. २ ते ५. कादंबरी विभाग, दाखल क्रमांक ४१०१ ते ४१३८, एकूण ३८ नोंदी. दोन पुस्तकांवर एकच क्रमांक आढळला. जुनी नोंदवही पाहून ग्रंथपालांना दाखवला, त्यांनी दुरुस्त करायला सांगितलं.’

आकडा आणि अडचण दोन्ही हवेत. आकड्यावरून वेग कळतो, अडचणीवरून तुम्ही कसा विचार करता ते कळतं. आठवड्याच्या शेवटी काम पाहणाऱ्याची छोटी सही घ्या. एकदम पाच महिन्यांच्या सह्या मागितल्या तर त्या संशयाने पाहिल्या जातात.

पायरी ९ : अनुभवपत्र

समारंभात मिळणारं रंगीत प्रमाणपत्र घ्या, घरी लावा. नोकरीसाठी ते पुरत नाही. संस्थेच्या पत्रशीर्षावर साधं पत्र हवं, आणि त्याचा मसुदा तुम्हीच करून न्या. त्यात काळ, एकूण तास, नेमकं काम, त्याचं प्रमाण, हजेरीबद्दल एक वाक्य आणि सही करणाऱ्याचं पद. ‘दिव्यांग असूनही’ हे शब्द मसुद्यात नसावेत, आणि समोरच्याने घातले तर काढायला सांगा. ‘जिद्दीने’, ‘प्रेरणादायी’ हेही. ‘सुमारे १,४०० पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेतल्या आणि दुबार क्रमांकांची यादी तयार केली’ ह्या वाक्यापुढे त्यांची गरज राहत नाही.

पायरी १० : अर्ज आणि मुलाखत

बायोडेटात हे काम ‘छंद’ किंवा ‘इतर उपक्रम’ ह्या सदरात ढकलू नका. ‘कामाचा अनुभव’ ह्या मथळ्याखाली, पुढे ‘स्वयंसेवी’ असं लिहून, काळ आणि तासांसह द्या.

अपंगत्व अर्जात सांगायचं की मुलाखतीत, हा निर्णय तुमचा. राखीव जागेसाठी ते सांगावंच लागतं. खासगी ठिकाणी, मुलाखतीलाच सोय लागणार असेल तर आधी कळवा, नाहीतर प्रत्यक्ष भेटीत सांगितलं तरी चालतं. ‘हे काम तुम्हाला कसं जमणार?’ असा प्रश्न आलाच तर आश्वासन देऊ नका, घडलेलं सांगा. ‘ग्रंथालयात माझ्याकडे हे काम होतं, ही सोय मिळाली, तासाला बारा-तेरा नोंदी होत होत्या, महिन्याभराने चुका एवढ्यावर आल्या.’ नोंदवही जवळ असू द्या.

दहा-बारा ठिकाणी अर्ज गेले की केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रातही नाव नोंदवा. असं एक केंद्र मुंबईत आहे, तिथे क्षमतेची तपासणी, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी मदत मिळते. शिक्षण पूर्ण झालं असेल तर विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या शासकीय योजना आणि अप्रेंटिसशिपचे अर्ज पाहा. १२० तासांचं पत्र तिथेही जोडा.

आणि बायोडेटाच्या तळाशी ग्रंथपालांचं नाव आणि नंबर संदर्भ म्हणून देण्याआधी त्यांना फोन करून परवानगी घ्या. कोणत्या जागेसाठी अर्ज केलाय ते सांगा. तुम्हाला लागणाऱ्या सोयींबद्दल विचारलं तर काय सांगायचं आणि काय तुमच्यावर सोडायचं, तेही त्याच फोनवर ठरवून घ्या.